सरासरी भरली, विहीर भरली नाही

२२ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर आणि जळगाव जामोद या दोन तालुक्यांत आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या-नाल्यांनी पात्र सोडले, गावांचा एकमेकांशी संपर्क तुटला आणि पुरात अडकलेल्यांना बाहेर काढण्यासाठी बचाव पथके धाडावी लागली. पाणी ओसरले तेव्हा कोवळी पिके तर गेली होतीच, पण कित्येक शिवारांत जमिनीचा वरचा कसदार थरही खरडून गेला होता. या घटनेला जेमतेम शंभर दिवस उलटले आणि ३१ ऑक्टोबर रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत बुलढाणा आणि लोणार ही याच जिल्ह्यातील दोन नावे होती.

एकाच जिल्ह्यात, एकाच पावसाळ्यात महापूर आणि दुष्काळ, ही बातमी मुंबई-पुण्याच्या वाचकाला विसंगत वाटेल. बुलढाण्यात ती कोणालाही विसंगत वाटली नाही. या जिल्ह्यात पाऊस किती पडला यापेक्षा तो कुठे, कधी आणि किती तासांत पडला हाच प्रश्न नेहमी निर्णायक ठरत आला आहे. शासनाची मोजपट्टी मात्र अजूनही प्रामुख्याने बेरीज करते आणि त्या बेरजेतच इथला दुष्काळ हरवून जातो.

जिल्ह्याचा नकाशा पाहिल्याशिवाय हे नीट उमगणार नाही. अजिंठ्याची डोंगररांग बुलढाण्याचे दोन भाग करते. येथील माणूस पत्ता सांगतानाही ‘घाटावरचा’ की ‘घाटाखालचा’ हे आधी सांगतो. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार आणि मेहकर हे तालुके घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर आणि बहुतांश खामगाव घाटाखाली. घाटावर पडलेला थेंब पैनगंगा किंवा खडकपूर्णेच्या वाटेने गोदावरीत जातो आणि बंगालच्या उपसागराला मिळतो. घाटाखाली पडलेला थेंब नळगंगा, ज्ञानगंगा, मन अशा नद्यांमधून पूर्णेत, तेथून तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात जातो. पैनगंगेचा उगमही याच जिल्ह्यातला. नद्या जिथे जन्मतात तिथे त्या मोठ्या नसतात. पाऊस थांबला की काही आठवड्यांत त्यांचे पात्र कोरडे पडू लागते. उगमाचा मान मिळालेल्या जिल्ह्याला पाण्याचा साठा मिळतोच असे नाही.

पावसाच्या वाटेवरही बुलढाण्याची जागा अडचणीची आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची अरबी समुद्राकडील शाखा सह्याद्रीवर आपले बहुतेक पाणी रिते करून पुढे येते. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे पूर्व विदर्भाला भिजवतात आणि पश्चिमेकडे सरकता सरकता क्षीण होतात. गडचिरोलीत तेराशे मिलिमीटरच्या पुढे जाणारी पावसाची सरासरी बुलढाण्यात येईपर्यंत साडेसातशे ते आठशे मिलिमीटरच्या आसपास उतरते. विदर्भात हा आकडा तळाशी असला, तरी सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या अवर्षणप्रवण तालुक्यांहून तो बराच अधिक आहे. म्हणूनच बुलढाण्याचा दुष्काळ हा राज्याच्या दुष्काळचर्चेत नेहमी दुसऱ्या रांगेत बसतो. पाऊस तर पडतो, मग तक्रार कसली, असा प्रश्न मंत्रालयात विचारला जातो आणि आकडेवारी पुढे ठेवली तर तो खोटाही ठरत नाही.

या आकड्याकडे वेगळ्या रीतीने पाहता येईल. एका हेक्टरवर साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडणे म्हणजे त्या हेक्टरला ७५ लाख लिटर पाणी मिळणे होय. सोयाबीनचे पीक फुलोऱ्यात आणि शेंगा भरण्याच्या अवस्थेत असताना पावसाने दडी मारली, तर ते वाचविण्यासाठी लागणारे एक संरक्षित पाणी साधारण ५० मिलिमीटरचे, म्हणजे हेक्टरी पाच लाख लिटरचे असते. हंगामभर पडणाऱ्या पाण्याचा हा पंधरावा हिस्सा. बुलढाण्यातील शेतकऱ्याचा दुष्काळ बहुतेक वर्षी या पंधराव्या हिश्श्याचा असतो. तो हिस्सा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात शेताच्या बांधावर उपलब्ध नसतो, एवढेच.

२०२३ चा ऑगस्ट हे त्याचे सर्वात ठळक उदाहरण. मान्सून उशिरा आला, पेरण्या जूनअखेरीस आणि जुलैत झाल्या. जुलै बरसला. प्रशांत महासागरात ‘एल निनो’ने जोर धरला आणि ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ थांबला. देशभरात त्या महिन्यातील पावसाची तूट ३६ टक्के होती आणि १९०१ पासूनच्या नोंदींतील तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. नेमक्या त्या दिवसांत सोयाबीन फुलावर होते. सप्टेंबरमध्ये पाऊस परतला, पण गळालेली फुले झाडावर परत जात नाहीत. वर्षअखेरीस बेरीज मांडली तर घाटाखालील काही मंडळांत जुलैच्या दोन-तीन दिवसांतील अतिवृष्टीनेच ती फुगलेली दिसते. ज्या पाण्याने माती वाहून नेली, तेच पाणी कागदावर शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते.

पीकपद्धतीतील बदलाने या खंडाची धार वाढवली आहे. वऱ्हाडात पूर्वी ज्वारी, मूग, उडीद, तूर, कपाशी अशी सरमिसळ असे. मूग-उडीद पोळ्याच्या आसपास हाती येत, ज्वारी ताण सोसत असे, तूर खोल मुळांवर तग धरी. एका पिकाने दगा दिला तर दुसरे घर सांभाळी. गेल्या तीन-साडेतीन दशकांत सोयाबीनने यातील बहुतेकांची जागा घेतली. नगदी पैसा, शंभर दिवसांत मोकळे होणारे रान आणि लगेच हरभऱ्याची सोय, ही त्यामागची कारणे समजण्यासारखीच आहेत. पण त्यामुळे अख्ख्या शिवाराची नाजूक अवस्था एकाच पंधरवड्यात येऊ लागली. पूर्वी ऑगस्टचा खंड एखाद्या पिकाला गाठत असे, आता तो संपूर्ण हंगामाला गाठतो.

आता शासनाची मोजपट्टी. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी, गावच्या पिकाचा अंदाज बांधत असे आणि ती ५० पैशांखाली आली की सवलती लागू होत. त्या पद्धतीत मानवी अंदाजाचे, आणि अर्थातच हितसंबंधांचेही, दोष होते. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने, आणि ती स्वीकारणाऱ्या राज्याच्या २०१७ च्या निर्णयाने, त्याऐवजी शास्त्रीय निकष आणले. पहिल्या टप्प्यात पावसाची तूट किंवा तीन-चार आठवड्यांचा खंड पाहिला जातो. दुसऱ्या टप्प्यात उपग्रहावरून दिसणारी वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओलावा, पेरणीचे क्षेत्र, भूजल आणि जलाशयांची पातळी असे निर्देशांक तपासले जातात. त्यानंतर तालुक्यातील दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पिकांची पाहणी होते. तेथे नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक आढळले तर मध्यम आणि ५० टक्क्यांहून अधिक आढळले तर गंभीर दुष्काळ. पद्धत म्हणून यात दोष काढणे सोपे नाही. खंडालाही तिने स्थान दिले आहे, हे विशेष.

अडचण तिच्या एककात आहे. तालुका हे एकक धरले की डोंगरउताराचे, नदीकाठचे आणि खारपाणपट्ट्याचे शिवार एकाच आकड्यात जाऊन बसते. २०२३ मध्ये हे इतके उघड झाले की, ४० तालुक्यांच्या घोषणेनंतर अल्पावधीतच शासनाला राज्यातील हजाराहून अधिक महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असल्याचे स्वतंत्रपणे जाहीर करावे लागले. मराठी भाषेला ‘सदृश’ हा शब्द नवा नाही, पण त्याला इतके आर्थिक वजन यापूर्वी क्वचितच आले असेल. जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जवसुलीला स्थगिती, कृषीपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी आणि गरजेनुसार टँकर एवढे ‘सदृश’ मंडळांनाही मिळाले. मात्र ते राज्याच्या तिजोरीतून आणि राज्याच्या मर्जीने. संहितेप्रमाणे दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यासाठी केंद्राकडे मदतीचा प्रस्ताव जातो. चिखलीच्या शेतकऱ्याचे सोयाबीन शेजारच्या बुलढाणा तालुक्यातील सोयाबीनइतकेच वाळले असले, तरी दोघांच्या दुष्काळाचे दफ्तर वेगळे झाले ते असे.

महसूल मंडळ स्तरावर स्वयंचलित हवामान केंद्रे बसविली गेली असल्याने लहान एकक घेण्यास आता तांत्रिक अडथळा उरलेला नाही. पण एक मंडळ म्हणजेही वीस-पंचवीस गावे असू शकतात आणि ऑगस्टमधल्या वळवासारख्या सरी बांधाच्या एका बाजूला पडून दुसरी बाजू कोरडी ठेवतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरचा आकडा गाठला तर अतिवृष्टी, ६४ झाला तर नाही. या एका मिलिमीटरवरून तहसील कार्यालयात दरवर्षी जे अर्ज आणि जी भांडणे होतात, त्यांना हास्यास्पद म्हणता येणार नाही. त्यावर पंचनामा अवलंबून असतो.

पाऊस पडूनही पाणी का टिकत नाही, याचे उत्तर खडकात आहे. घाटावर काळा बेसॉल्ट आहे. या कठीण खडकाला वाळूसारखी छिद्रे नसतात. पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या मुरुमाच्या थरात, आणि त्याचे प्रमाण खडकाच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्क्यांपुढे सहसा जात नाही. अशी विहीर एका चांगल्या पावसात काठोकाठ भरते आणि दिवाळीनंतर दोन-चार महिन्यांच्या उपशात तळ दाखवते. त्यापुढे विंधनविहीर खोल नेली तर हाती लागते ते शेकडो वर्षे साठलेले थोडेसे पाणी. ते संपले की पुढची भेग शोधायची. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची खोल जमीन आहे, पण तिथे दुसराच शाप आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील भूजल खारट असते. ते पिकाला दिले तर चिकणमाती घट्ट होते आणि जमीन नापीक होत जाते. ते पिणाऱ्या गावांत मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार जुनी आहे. विहिरीत पाणी दिसते आणि शेत कोरडवाहू राहते, अशी ही अवस्था. दुष्काळाचा निर्देशांक भूजलाची पातळी मोजतो, त्याची चव मोजत नाही.

साठवण वाढविण्याचे प्रयत्न या जिल्ह्यात झाले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. सिंदखेड राजा येथील जाधवांच्या काळातील मोती तलाव आणि चांदणी तलाव याची साक्ष देतात की, पडलेला पाऊस जागच्या जागी अडविल्याशिवाय इथे वस्ती टिकत नाही, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना ठाऊक होते. अलीकडच्या काळात २०१८ मध्ये भारतीय जैन संघटना आणि जिल्हा प्रशासनाने शंभराहून अधिक यंत्रे लावून जिल्ह्यातील तलाव आणि नाल्यांतील गाळ काढण्याची मोहीम हाती घेतली. त्याच सुमारास राष्ट्रीय महामार्गांच्या भरावासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले व नद्या खोल करून घेण्याची कल्पना येथे राबविली गेली. रस्त्याला माती फुकट आणि गावाला साठवण फुकट, असा हा व्यवहार ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून देशभर गाजला. त्याच वर्षी पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड या गावाने राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. यंत्राच्या जोडीला माणसांचे श्रम आणि गावाची एकजूट लाभली की काय होते, ते त्या गावाने दाखवून दिले.

याच काळात राज्यभर जलयुक्त शिवार अभियान सुरू होते. २०२० मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने ९ हजार ६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजलाची पातळी उंचावण्यात या योजनेचा प्रभाव अल्प राहिल्याचा निष्कर्ष काढला. त्यावरून राजकारण पेटले, चौकशी नेमली गेली, सरकार बदलले आणि २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. या गदारोळात अहवालातील महत्त्वाचा मुद्दा बाजूला पडला. साठवण वाढल्यानंतर तिच्यातून उपसा किती करायचा, याचा हिशेब बहुतेक गावांत मांडलाच गेला नव्हता. नाला खोल झाला, विहिरींना पाणी वाढले, त्या भरवशावर नव्या विहिरी आणि नवे पंप आले, आणि पुढच्या कोरड्या वर्षी गाव पुन्हा टँकरच्या रांगेत उभे राहिले. हा दोष खोदकामाचा नव्हे.

कायद्याला हे ठाऊक आहे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला. ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास त्याने मनाई केली आहे. घाटावरच्या कोणत्याही गावात विंधनविहिरीची गाडी उभी असताना ती साठ मीटरला थांबते का, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. आणि केवळ शेतकऱ्याला दोष देऊन तरी काय साधणार? ज्याची मोसंबीची बाग किंवा बीजोत्पादनाचे शेडनेट डोळ्यांदेखत वाळत आहे, त्याला कायद्याचे कलम वाचून दाखविणे सोपे असते. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा परिसरात शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादनाने अनेक कुटुंबांना थोड्या पाण्यात चांगले उत्पन्न मिळवून दिले. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस अवकाळी पाऊस आणि वादळाने त्यातील अनेक शेडनेट भुईसपाट केली. दुष्काळाशी हुशारीने जुळवून घेणाऱ्यांनाही त्या वर्षी सूट मिळाली नाही.

शेततळ्याचा हिशेबही याच दृष्टीने पाहायला हवा. तीस बाय तीस मीटर लांबी-रुंदीचे आणि तीन मीटर खोलीचे शेततळे, उतार वजा जाता, सुमारे २० लाख लिटर पाणी धरते. बाष्पीभवन आणि पाझर गृहीत धरूनही दोन-तीन हेक्टर सोयाबीनला ऑगस्टच्या खंडात एक पाणी देण्याइतकी ही ताकद आहे. अट एकच, की ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलेले असावे. प्रत्यक्षात राज्यात अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर लावलेली तळी विहिरीचे पाणी उपसून भरली जातात आणि उन्हाळ्यातील फळबागेसाठी राखली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेले, सर्वांच्या वाट्याचे पाणी वर आणून उन्हात ठेवणे, याला साठवण म्हणणे कठीण आहे. त्या मानाने रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरणे, बांधबंदिस्ती नीट ठेवणे, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेणे हे उपाय स्वस्त आहेत. अतिवृष्टीत सरीतून जादा पाणी निघून जाते आणि खंडात वरंब्याखालची ओल आठवडाभर तरी पीक धरून ठेवते. जागतिक बँकेच्या साह्याने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात याला आणि गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाला स्थान मिळाले आहे. मात्र अशा कामाचे भूमिपूजन होत नाही.

भूमिपूजने होतात ती मोठ्या प्रकल्पांची. नांदुरा तालुक्यातील पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्प नव्वदच्या दशकात सुमारे ४०० कोटी रुपयांच्या अंदाजाने मंजूर झाला. त्याचा खर्च पुढे तेरा हजार कोटींच्या पलीकडे गेला आणि पूर्ण क्षमतेने पाणी साठविण्याचा टप्पा लांबतच राहिला. बुडणाऱ्या गावांचे पुनर्वसन हा त्या विलंबाचा मोठा भाग आहे. खारपाणपट्ट्याला गोडे पाणी मिळण्याची खरी आशा याच प्रकल्पावर असल्याने त्याचा उशीर जिल्ह्याला अधिक महाग पडला. दरम्यान, ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसेखुर्दच्या जलाशयातून निघणारे पाणी सुमारे ४२६ किलोमीटरच्या कालव्यांतून पश्चिम विदर्भ ओलांडत बुलढाण्यातील नळगंगेपर्यंत आणायचे, असा हा ८८ हजार कोटींहून अधिक खर्चाचा आराखडा आहे. पूर्व विदर्भातील जादा पाणी पश्चिमेला देणे हा विचार तत्त्वतः चुकीचा नाही. निसर्ग जे पाणी वाटेत संपवतो, ते कालव्याने पुढे न्यावे, इतका तो सरळ आहे. पण महाराष्ट्रातील कालव्यांचा इतिहास असा आहे की, शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी मिळते. या प्रकल्पात ते शेपूट म्हणजे बुलढाणा आहे.

२०२५ च्या जूनअखेरीस, दुष्काळाच्या यादीत दोन वर्षांपूर्वी झळकलेल्या लोणारला आणि शेजारच्या मेहकरला अतिवृष्टीने झोडपले. पैनगंगेच्या काठची शेते पाण्याखाली गेली आणि नुकत्याच पेरलेल्या रानांत दुबार पेरणीची वेळ आली. त्या पाण्याचा मोठा भाग थेट गोदावरीच्या खोऱ्यात निघून गेला. नळगंगेचे धरण घाटाखाली, मोताळा तालुक्यात आहे. लोणार आणि बुलढाणा हे दोन्ही तालुके घाटावर आहेत. चारशे किलोमीटरवरून आलेले पाणी त्यांच्यापर्यंत न्यायचे झाले, तर ते शेवटी विजेच्या पंपांनी डोंगर चढवावे लागेल आणि त्या विजेचे बिल कोणी भरायचे हा प्रश्न उरेल. येळगावच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे मात्र पैनगंगेला पूर आला की विजेशिवाय, पाण्याच्याच दाबाने, आपोआप उघडतात.